दोन आयकार्डं

परवा दुपारी कॉलेजच्या गेटवर वॉचमन काकांनी थांबवलं. "ताई, हे काय घालून आलीस?" बघते तर गळ्यात लॅबचं आयकार्ड! कॉलेजचं बॅगेत, लॅबच्याच चार्जरला गुंडाळलेलं. मागची पोरं खिदळली, मीही हसले, आणि गाठ सोडवेपर्यंत प्रॅक्टिकलची हजेरी गेली.

तशी सवय झालीय म्हणा. सेमिस्टरला २२ क्रेडिट, वर जर्नल, इंटर्नल्स, आणि संध्याकाळी ५ ते ९ कोपरखैरण्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करायचे. तिथे एखादा आकडा रेंजच्या बाहेर असला की तो बोल्ड करायचा असतो. माझी हजेरी सध्या ७१ आहे, रेंज ७५ च्या वर, म्हणजे मलाच बोल्ड करायला हवं.

रेल्वेचं पण गंमतच. कन्सेशनचा पास फक्त घर ते कॉलेज, म्हणजे आमचा कळवा ते ठाणे, पुढे कोपरखैरण्यापर्यंत पूर्ण पैसे भरून वेगळा पास. म्हणजे ठाण्याच्या पुलावरून दहा नंबरकडे उतरताना मधेच कुठेतरी मी स्टुडंटची नोकरदार होते, कुठल्या पायरीवर ते कळलं नाही अजून. गाडीत मात्र कार्ड दिसू देत नाही मी, कुडत्याच्या आत सरकवते. उगाच.

उगाच नाही खरं तर. तिसरीत असताना गळ्यात किल्ली असायची, परकराच्या लाल नाडीत ओवलेली. आई रबाळ्याला कंपनीत, बाबा कुठे ना कुठे, मग शाळेतून आल्यावर कुलूप मीच उघडायचं. पोरी चिडवायच्या म्हणून किल्ली फ्रॉकच्या आत, आणि थंडीत ती अशी गार लागायची की अख्ख्या पहिल्या तासाला मी ताठ बसलेली, बाईंना वाटायचं काय लक्ष आहे पोरीचं! आई घरी आली की आधी माझ्या मानेला हात लावून नाडी आहे का बघायची, मग जेवलीस का विचारायची.

अजूनही बघते. रात्री दहाला मी कार्डासकट आडवी झाले की हळूच काढून खिळ्याला लावते. ह्याच खिळ्याला पूर्वी तिच्या कंपनीचं कार्ड असायचं. कंपनी बंद झाली त्यानंतर ते कुठे ठेवलं, विचारेन म्हणते, राहूनच जातं.