तुम्ही विचारलंत म्हणून: अजून तोच गेम?

ऑफिसात डबे उघडले की कुणीतरी विचारतं, लग्नकार्यात भेटलेली भावंडं विचारतात, आणि हल्ली भाचाही विचारायला लागलाय: "आत्या, तू अजून तोच चाच्यांचा गेम खेळतेस? किती भंगार आहे तो!" विचारणाऱ्यांना माझं काम माहीत असतं, त्यामुळे प्रश्नाला जरा जास्तच धार असते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेते आणि घरी येऊन चुकांनी गच्च भरलेला, 2003 सालचा गेम लावून बसते. तर एकदाच सविस्तर सांगून टाकते.

गेमचं नाव 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'. रस्त्यावर पथारी मांडून बसलेल्या एका माणसाकडून दादानं पन्नास रुपयांना त्याची सीडी आणली होती. (हो, चाच्यांचा गेम चोरीच्या सीडीवर. हा विनोद करून झालाय, दादानं तेव्हाच केला होता.) त्या नावाचा सिनेमा आम्ही दोघांनी पाहिलेला होता, त्यामुळे आता त्यातला चाचा जॅक स्पॅरो होऊन बागडायचं, एवढीच अपेक्षा होती. पहिल्या दिवशी जॅक आला नाही. आठवडाभरात आला नाही. नायक कुणी नॅथॅनियल हॉक नावाचा कप्तान, त्याच्याकडे एक छोटंसं लगर जातीचं जहाज, आणि सिनेमाशी संबंध म्हणाल तर सुरुवातीला सिनेमातल्या नटीचा, किरा नाइटलीचा आवाज आणि पुढे कधीतरी सिनेमातलं ते काळं जहाज, 'ब्लॅक पर्ल'. दादा म्हणाला, फसवलं.

भानगड खूप नंतर कळली. हा गेम मुळात सिनेमाचा नव्हताच. मॉस्कोच्या अकेला या कंपनीनं 2000 साली 'सी डॉग्ज' नावाचा गेम काढला होता, त्याचा हा दुसरा भाग. (नाव वाचून मला तेव्हा आपलं 'अकेला'च वाटलं होतं.) तो बनत असतानाच डिस्नेच्या सिनेमाचं नाव त्याला मिळालं आणि जुलै 2003 मध्ये सिनेमा येणार म्हणून गेमही त्याच सुमाराला बाजारात आला. म्हणजे मुलगी सावकाश शिकत होती आणि घरच्यांनी मुहूर्त धरून बोहल्यावर उभी केली. साडी अर्धी नेसलेली.

ते अर्धवटपण जमिनीवर उतरलं की लगेच दिसतं. प्रत्येक दाराशी गेम थांबतो, पडद्यावर लोडिंगचं चित्र येतं, आणि आत जाऊन पाहावं तर एक टेबल आणि एक माणूस. रस्त्यावरची माणसं घाण्याच्या बैलासारखी फिरतात आणि चौघांना प्रश्न विचारला तर चौघं एकच उत्तर देतात. तुमच्या मागून चालणारे तुमच्याच जहाजावरचे अधिकारी नेमके अरुंद जागी तुमच्यापुढे येऊन उभे राहतात. तलवारबाजी म्हणजे वार, अडवणं, वार. माझ्या हातात असतं तर पहिल्या दिवसातच शंभरेक तक्रारी नोंदवल्या असत्या.

पण बंदर सुटलं की गोष्ट बदलते.

पहिलं बेट ऑक्सबे. तिथून बाहेर पडता पडताच फ्रेंच आरमार चाल करून येतं आणि आपण आपलं इवलंसं जहाज घेऊन पळायचं असतं. मी आधी जिकडे जायचं तिकडे तोंड केलं, सगळी शिडं सोडली आणि वाट बघत बसले. जहाज हलेना. मला वाटलं, अडकलं. दादाला हाक मारली, तोही म्हणाला, अडकलं. मग सहज सुकाणू वळवलं आणि एका क्षणी शिडं फुगली, जहाज एका अंगाला झुकलं आणि धावायला लागलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अडकलं वगैरे काही नव्हतं. वारा समोरून होता.

ज्या लोकांना घराच्या आत दुसरी खुर्ची ठेवायला वेळ मिळाला नाही, त्यांनी वारा मात्र मन लावून केला होता. कुठल्या जहाजाला किती आडवा वारा चालतो हे शिकावं लागतं. माझं छोटं लगर वाऱ्याच्या बऱ्याच जवळून तिरकं निघायचं, चौकोनी शिडांची थोराड जहाजं तिथे नुसती रेंगाळायची. म्हणजे अंगावर येणाऱ्या मोठ्या जहाजापासून वाचायचं तर वारा जिकडून येतो तिकडेच तिरपं पळत सुटायचं. तोफेत काय भरायचं तेही अंतर बघून ठरवायचं. लांबून साधे गोळे, ते लाकूड फोडतात. मधल्या पल्ल्यावर निपेल, म्हणजे शिडं फाडण्यासाठी एकमेकांना जोडलेले दोन गोळे. अगदी जवळून छर्रे, डेकवरची माणसं कमी करायला. जहाज धड हाती हवं असेल तर गोळे आवरते घ्यायचे, आधी शिडं फाडून त्याला लंगडं करायचं, मग छर्रे, मग आकडे टाकून भिडायचं आणि आतल्या एकेका दालनातून लढत कप्तानाच्या खोलीपर्यंत जायचं. युबिसॉफ्टनं 2017 मध्ये जाहीर करून 2024 मध्ये आणलेला 'स्कल अँड बोन्स' दादानं मोठ्या हौसेनं घेतला. पाणी बघत राहावं असं. पण जहाजाला जहाज भिडलं की आपण नुसता छोटा सिनेमा बघायचा, लूट आपोआप जमा. दोन दिवसांनी दादा मलाच विचारत होता, तुझा तो जुना अजून चालतो का गं?

आता चुकांबद्दल. गेमच्या फोल्डरमध्ये 'प्रोग्रॅम' नावाचं आणखी एक फोल्डर होतं. एका दुपारी, नुकतीच वीज परत आली होती (त्या वर्षांचं भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना दर दहा मिनिटांनी सेव्ह करायची सवय का लागली ते सांगायला नको), मी ते उघडलं. आत ढीगभर फायली, आणि त्या चक्क नोटपॅडमध्ये उघडत होत्या. जहाजांच्या फायलीत एकेका जहाजाचं नाव, वेग, वळण्याची क्षमता, पोटात किती माल मावतो, सगळे आकडे समोर. मी लगरच्या मालापुढे एक शून्य वाढवलं. गेम सुरूच होईना. शून्य वाढवताना ओळीच्या शेवटचा अर्धविराम माझ्याकडून खोडला गेला होता. तो शोधायला संध्याकाळ गेली. शेवटी गेमनंच लिहून ठेवलेली चुकांची एक फाईल सापडली आणि तिच्यात ओळीचा नंबर होता. कॉलेजात 'सी' ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला घेतली तेव्हा वर्गात सगळ्यांना अर्धविरामानं रडवलं. मी आधीच रडून घेतलं होतं.

असं उघडून बघणारी मी एकटी नव्हते. 'पायरेट्स अहॉय' या नावाखाली जगभरची हौशी माणसं या गेमची डागडुजी करत होती आणि वर्षानुवर्षं करत राहिली. त्यातून 'न्यू होरायझन्स' हा प्रचंड मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेला बदल, तयार झाला. त्यात नवी जहाजं आली, वेगवेगळे कालखंड निवडायची सोय आली, नव्या कथा आल्या. आणि त्यांतली एक कथा कुणाची, तर जॅक स्पॅरोची. वेष्टनावरच्या नावानं जे कबूल केलं होतं ते अखेर फुकट काम करणाऱ्यांनी आत आणून बसवलं. पुढे 2021 मध्ये हे गेम ज्याच्यावर चालतात त्या स्टॉर्म इंजिनाचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅमही सगळ्यांसाठी खुला झाला. दादाला मी हे फोन करून सांगितलं होतं. तो मीटिंगमध्ये होता.

या प्रश्नाला जोडून हमखास दुसरा येतो: मग कान्होजी आंग्र्यांवर असा गेम का नको? यायलाच हवा. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं, पण दस्तक, म्हणजे परवाना देऊन जहाजं सोडणारा हा मराठ्यांचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होता, आणि 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले तरी त्यांना तो घेता आला नाही. मला भीती एकच. करणारे पोशाखांवर आणि घोषणांवर पैसे घालतील आणि वारा विसरतील. आंग्र्यांची लढाई म्हणजे वारा पडण्याची वाट बघणं, वल्ह्यांच्या गलबतांनी गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं ओढत नेणं, मोठ्या जहाजाच्या बगलेच्या तोफा टाळून मागच्या अंगाला जाणं आणि आपल्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या तोफा डागणं. पावसाळ्यात तर दर्या बंद. जहाजं किनाऱ्यावर ओढलेली, नारळी पौर्णिमेपर्यंत बसून राहा. खेळाडूला तेवढे दिवस बंदरात बसवायची हिंमत असलेला गेम कुणी केला, तर घरात खुर्च्या नसल्या तरी चालतील मला.

परवा भाचा आला होता. त्याला ऑक्सबेतून बाहेर काढलं आणि मी चहा टाकायला गेले. आतून ओरडला, "आत्या, तुझा गेम हँग झाला!"

मी काहीच बोलले नाही. आलं किसत राहिले.