गेल्याच महिन्यात

तन्वीने आज सहज विचारलं, "सर, हे टीव्ही कार्ड तुम्ही शेवटचं कधी लावलं होतं?"

"गेल्याच महिन्यात," मी म्हणालो.

धादांत खोटं. आणि तिने मान डोलावली, विश्वास ठेवला, हे जास्त टोचतंय.

लिनक्सच्या नव्या कर्नलमधून, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य गाभ्यातून, काय काय गाळायचं त्या यादीत आयव्हीटीव्हीची, म्हणजे हे कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरची, ओळ आहे. 'वापरणारं कोणी?' या रकान्यात अख्ख्या ऑफिसमधून एकच नाव, माझं. हा ड्रायव्हर २००७ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे. हॉपॉगचं पीव्हीआर-१५०, म्हणजे टीव्हीचं चित्र कॉम्प्युटरात उतरवणारं हे कार्ड, मी ज्या दिवसांत घेतलं तेव्हा त्याचा केवढा तोरा होता! टर्मिनलवर एक कॅट (वाचून पुढे ओतणारी कमांड) मारायचं, कार्डाच्या /डेव्ह/व्हिडिओ० मधून येईल ते फाइलमध्ये ओतायचं, की तयार एमपेग-२ व्हिडिओ. सगळी मेहनत कार्डावरची चिप करणार, सीपीयू निवांत. नानांची ती व्हिडिओ कॅसेट मात्र उतरवून घ्यायची राहिलीच. असो.

हा काढून टाकावा हे तन्वीचं म्हणणं चूक नाही. ड्रायव्हर नुसता पडून असला तरी फुकट नसतो. व्हिडिओच्या गाभ्यात काही बदललं की या फायलींतही कोणाला तरी हात घालावा लागतो, आणि त्याच्याकडे कार्ड नसतं. मग तो बिचारा आपल्या बदलाच्या पॅचखाली लिहितो, 'फक्त कंपाइल करून पाहिलं.' मीही लिहिलंय तसं. म्हणजे ज्यांच्याकडे कार्ड नाही ते खरं लिहितात, आणि ज्याच्याकडे आहे तो म्हणतो गेल्याच महिन्यात.

झोरान या अशाच जुन्या व्हिडिओ कार्डांच्या ड्रायव्हरचा दाखला माझ्या ओठांवर होता. २०१८ साली काढून टाकलेला ड्रायव्हर २०२० साली परत आला. पण तो कोणाच्या आठवणी दाटून आल्या म्हणून नाही. एकाने बसून तो व्हिडिओबफ२ या नव्या चौकटीवर आणला, काम केलं. मी काय केलं? रकान्यात नाव घातलं. आपणही असेच, कोणीतरी यादीतून खोडेपर्यंत राहिलेले, वगैरे वगैरे बरंच काही बसमध्ये मनात आलं. ते इथे लिहीत नाही.

रात्री जेवण झाल्यावर माळ्यावरून जुना पीसी उतरवला. नव्या मदरबोर्डवर हे कार्ड बसेल असा साधा पीसीआय स्लॉटच नाही, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. सीमॉसचा सेल मेलेला. कार्डाच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला. सुरू केलं तर फर्मवेअर, म्हणजे कार्डावरच्या चिपमध्ये चढवायचा प्रोग्राम, सापडेना. ही फाइल ३७६८३६ बाइटचीच लागते, आकार चुकला की ड्रायव्हर परत मागतो. जुन्या बॅकअपात मिळाली एकदाची.

आता व्हीसीआर? तो सुनीताने कधीच भंगारात दिलाय, मला विचारून दिलाय, मीच हो म्हटलं होतं.

शेवटी सेट-टॉप बॉक्सची पिवळी पिन खुपसली आणि कॅट मारलं. ७२०×५७६, कडा जरा फिसकटलेल्या, पण चित्र आलं: केसांच्या तेलाची जाहिरात. तीन मिनिटं मी ती आणि तिच्यानंतरच्या जाहिराती गंभीरपणे पाहत बसलो. सुनीता दारात येऊन काही न बोलता परत गेली.

मग यादी उघडली, नाव खोडलं. थोड्या वेळाने परत लिहिलं आणि पुढे घातलं: 'शेवटचा वापर काल रात्री, त्याआधीचा आठवत नाही. कॅसेट एक शिल्लक, व्हीसीआर नाही.' निर्णयाचा रकाना तन्वीसाठी रिकामा ठेवलाय.