नागपूरच्या उन्हात गाडीला कोणतं ऑइल? माझा अनुभव

गाडीची वॉरंटी संपली, तेव्हाच ठरवलं की आता सर्व्हिसिंगचा खर्च आपण स्वतः बघायचा. गाडी १.२ लिटर पेट्रोलची साधी हॅचबॅक. मानेवाड्याहून रिंग रोडने छत्रपती चौक, पुढे प्रतापनगर, हिंगणा टी-पॉइंट करत एमआयडीसी, आणि संध्याकाळी तोच रस्ता परत. सर्व्हिस सेंटरच्या शेवटच्या बिलात सगळ्यात मोठा आकडा ऑइलचा होता, म्हणून सुरुवात तिथूनच केली. ऑइल स्वस्त हवं होतं, पण इंजिनाच्या जिवावर उठणारं नको होतं.

पहिला सल्ला ओळखीच्या मेकॅनिकचा. हात चांगला आहे त्याचा. क्लच-ब्रेकचं काम मी डोळे झाकून त्याच्याकडे देतो. तो म्हणाला, "भाऊ, आपल्या नागपूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकते का? ट्वेंटी-फिफ्टी टाका. जाडं राहते, सस्तं पडते, अन् इंजिनचा आवाजही कमी येते." आपल्याकडच्या गॅरेजांत हे सर्रास ऐकू येतं, आणि ऐकताना पटतंही. २३ मे २०१३ ला याच शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी उन्हातल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय नसते.

घरी येऊन गाडीसोबत आलेलं पुस्तक काढलं. त्यात दोनच ग्रेड दिलेल्या: ०डब्ल्यू-२०, नाहीतर ५डब्ल्यू-३०. २०डब्ल्यू-५० चा, म्हणजे मेकॅनिकच्या ट्वेंटी-फिफ्टीचा, कुठे उल्लेखही नाही. मग हे आकडे नीट समजून घेतल्याशिवाय चैन पडेना.

ऑइलचा दुसरा आकडा, डब्ल्यूनंतरचा, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं त्याचं माप. बाहेर डिसेंबरची थंडी असो की मे महिना, गरम झालेल्या इंजिनातलं कूलंट ९० अंशांच्या आसपासच राहतं. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा त्यासाठीच असतात. कूलिंग व्यवस्थित चालू असेल तर बाहेरच्या पाच-दहा अंशांनी आतल्या ऑइलचं फारसं काही बिघडत नाही. ३० ग्रेडचं ऑइल १०० अंशांवर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणा मोजायचं एकक) मधे बसावं लागतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ च्या मधे. म्हणजे जवळपास पावणेदोन पट दाट. नव्या इंजिनांतल्या बेअरिंगच्या फटी आणि ऑइलच्या वाटा पातळ ऑइल धरून आखलेल्या असतात. माझ्या इंजिनात व्हीव्हीटी आहे, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा, आणि ती ऑइलच्या दाबावरच चालते. तिथे दाट ऑइल घातलं की यंत्रणेचा प्रतिसाद मंदावतो, सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि पेट्रोलही थोडं जास्त जातं. २०डब्ल्यू-५० वाईट नाही. ज्या जुन्या इंजिनांना ते सांगितलेलं आहे, त्यांना ते खुशाल घाला. माझ्या गाडीला ते सांगितलेलं नाही, एवढंच.

पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, थंडीतला. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर इंजिन फिरतं का आणि उणे ३५ वर पंप ऑइल ओढतो का, अशी होते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता तेव्हा सगळे काकडले होते, पण उणे ३० कुठे आणि ते कुठे! ०डब्ल्यू-२० चांगल्या प्रतीच्या, महागड्या बेस ऑइलशिवाय बनत नाही. पुस्तकाला दोन्ही चालतात, तर इथल्या हवेत ५डब्ल्यू-३० वर पैसे वाचवणं मला रास्त वाटलं.

दुकानात गेल्यावर दुसरी गोष्ट दिसली, आणि माझ्या मते ग्रेडइतकीच तीही महत्त्वाची आहे. काउंटरवर दोन कॅन शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्हींवर ५डब्ल्यू-३०, किंमतीत थोडासाच फरक. मागच्या बारीक अक्षरांत एकावर एपीआय एसएल लिहिलेलं, दुसऱ्यावर एपीआय एसएन. एपीआय ही ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था. एसएल हा दर्जा २००१ चा, एसएन २०१० चा आणि एसपी २०२० चा. पेट्रोल गाड्यांच्या या मालिकेत नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो, जुना नव्याच्या जागी चालत नाही. माझ्या पुस्तकात एसएन मागितलंय, त्यामुळे एसएलचा कॅन कितीही स्वस्त मिळाला तरी तो बाद. पुढची झगझगीत अक्षरं सोडा आणि कॅन उलटा करून मागे वाचा, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

दुकानदाराने ड्रममधलं लूज ऑइलही दाखवलं. भाव खूपच कमी होता, पण त्याचा दर्जा कोणता हे सांगणारं काहीच नाही, म्हणून तिकडे वळलोच नाही. जुन्या कॅनमधे नकली ऑइल भरून विकलं जाण्याची भीती असतेच, म्हणून शेवटी खरेदी पेट्रोल पंपावरून केली. सर्व्हो, मॅक, एचपी ही आपल्या सरकारी तेल कंपन्यांची ऑइलं पंपांवर मिळतात. ५डब्ल्यू-३०, एपीआय एसएन, पॅकिंगची तारीख बघून, सील तपासून, पक्कं बिल घेऊन कॅन उचलला. सर्व्हिस सेंटरच्या दरापेक्षा हजाराच्या घरात बचत झाली.

ऑइल मेकॅनिकभाऊंकडेच बदललं. इंजिन गरम असतानाच चेंबर नट (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) खोलला, म्हणजे काळं ऑइल पूर्ण निघतं. नवा फिल्टर, नटाला नवा वायसर. पुस्तकात फिल्टरसह किती लिटर ते दिलेलं असतं. तरी थोडं कमीच भरलं, गाडी चालू करून बंद केली, थोडा वेळ थांबून गेज (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघितला आणि मग वरच्या खुणेपर्यंत आणलं. रिकाम्या कॅनला पेचकसने भोक पाडलं. "हे कायले?" त्याने विचारलं. कोणी परत भरून विकू नये म्हणून, असं सांगितल्यावर त्याने कोपऱ्यातले दोन कॅनही पुढे केले.

बदलायच्या मुदतीत मात्र मी काटकसर करत नाही. पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलंय. धूळ, ट्रॅफिक आणि लहान लहान फेऱ्या असतील तर त्याआधी. सिमेंट रोडची कामं चालू असलेल्या आपल्या शहरात यातलं काय नाही?

हे वाचून माझ्या साळ्याने माझाच कॅन मागवायचा म्हटलं. त्याची गाडी बीएस-६ डिझेल, सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेली. त्याला नाही म्हणालो. त्या फिल्टरला कमी राख करणारं ऑइल लागतं, एसीईए या युरोपियन गाडी उत्पादकांच्या संघटनेच्या सी मालिकेतलं. साधं ऑइल वापरलं तर राख साचून तो हळूहळू चोंदतो. त्याच्या पुस्तकातलं ऑइलचं पान फोटो काढून पाठव म्हटलंय, मग त्याच्यासाठी शोधू.