फ्लेमिंगो बघायला जाताय? थोडं लांबूनच बघा

थंडी पडली की सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तेच सुरू होतं, फ्लेमिंगो आले का, कुठून बघायचे, आणि लगेच पुढचा मेसेज, "एकदम जवळून दिसतात का हो?" दिसतात की. पण त्या "एकदम जवळून"बद्दलच मला जरा बोलायचंय.

आधी माहिती सांगते. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, साधारण १७ चौरस किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून जास्त खारफुटीचं जंगल आणि बाकी खाडीचं पाणी. २०२२ ला त्याला रामसर दर्जाही मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवनवाल्यांचं सेंटर आहे, तिथून बोट सुटते. ट्रान्स-हार्बर लोकलने नवी मुंबईतल्या ऐरोलीला उतरायचं, पुढे रिक्षा. बुकिंग आधी करा, रविवारी असंच उठून गेलात तर सेंटरमधला देवमाशाचा सांगाडा बघून परत यावं लागेल (तोही बघण्यासारखा आहे म्हणा).

बोटीची वेळ रोज बदलते आणि त्यावरून लोक तिथल्या पोरांशी हुज्जत घालतात, "काल नऊची होती, आज कशी नाही?" अहो भरती-ओहोटीवर आहे ते सगळं. बोटीला पाणी लागतं आणि फ्लेमिंगोंना चिखल. पाणी उतरून गाळ उघडा पडायला लागला की ते खायला उतरतात, आणि पूर्ण सुकती झाली की बोटच गाळात बसते, म्हणजे दोघांचं जमणारी वेळ थोडीच असते.

आणि नेमकी तीच त्यांची जेवणाची वेळ. लांबून नुसता गुलाबी पट्टा दिसतो, पण दुर्बीण लावली की खरी मजा. मान खाली, चोच चक्क उलटी धरून पाण्यात, पायाने गाळ ढवळत ढवळत पुढे सरकत राहतात आणि चोचीतल्या चाळणीतून पाणी बाहेर टाकून शेवाळ आत ठेवतात. इथे दोन जाती दिसतात, लहान फ्लेमिंगो (लेसर) आणि मोठा फ्लेमिंगो (ग्रेटर). त्यातल्या लहान फ्लेमिंगोंचं मुख्य खाणं हे बारीक शेवाळच, त्यातल्या रंगद्रव्यांनी तो गुलाबी रंग येतो. ज्यांची चोच गडद लाल ते लहान फ्लेमिंगो, ज्यांची फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं ते मोठे. मध्येच राखाडी, मळकट असे दिसले तर ती पिल्लं, अजून रंग चढायचाय.

आमच्या बोटीत एक फॅमिली होती, त्यातले काका सारखे मागे लागले, "दादा, अजून थोडं घ्या ना पुढे, उडतानाचा व्हिडिओ पाहिजे." बोटवाल्या दादांनी इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाले, "पुढे नाय जायचं. खातायत ना ते, खाऊ द्या." काकांचं तोंड उतरलं, पण मला दादांना टाळी द्यावीशी वाटली. कारण फ्लेमिंगो चिमणीसारखा भुर्रकन उडत नाही, आधी पाण्यावर धावावं लागतं तेव्हा कुठे ते धूड वर उचलतं, आणि पावसाच्या तोंडावर यातल्या कितीतरी पक्ष्यांना कच्छपर्यंत उडायचंय, त्यासाठी इथे खाऊन अंगात साठवायचं असतं. तुमच्या रीलसाठी अख्खा थवा उठवला म्हणजे ओहोटीतली तेवढी वेळ गेली आणि वर ताकदही गेली. कळपातले आधी माना ताठ करून एका बाजूला चालायला लागले की समजायचं, आपण जास्तच जवळ आलोय. तिथेच थांबा, खरं तर मागे या.

दुसरा डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे गाठिया. खाडीकिनारी, जेट्टीवर, बोटीत, लोक पाकिटंच्या पाकिटं घेऊन येतात आणि कुरव पक्ष्यांना, म्हणजे आपले सीगल, हवेत फेकून खायला घालतात. पुण्य मिळतं म्हणे. मासे, किडे, खेकडे खाणारा पक्षी तो, इतक्या लांबून उडून येतो आणि आपण त्याला बेसन, तेल, मीठ आणि सोडा चारतो! बरं, रिकामं पाकीट वाऱ्याने जातं ते थेट तिवरांत, म्हणजे खारफुटीच्या झाडांत, चिखलातून बोटभर वर आलेल्या त्या मुळांमध्ये अडकून बसतं. ती मुळं झाडाच्या श्वासासाठी असतात. तिथेच निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत असतात, एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे बिळातून डोकावतात. बोटीची वाट बघताना मोबाइल खाली ठेवून हे बघा, पोरांना तर फ्लेमिंगोंपेक्षा हेच जास्त आवडतं.

ड्रोन आणू नका, अभयारण्य आहे, परवानगीशिवाय चालत नाही. ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्यांना मी काय सांगणार.

अजून एक. भरती चढली की गाळ पाण्याखाली जातो, मग हे थवे उठून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर आणि भांडुपच्या बाजूला जाऊन बसतात, आणि त्यातल्या बऱ्याच जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे ना तिकीट ना गार्ड, त्यामुळे पब्लिक बिनधास्त बांधावरून खाली उतरतं, कुत्री मोकळी सोडतं. तिकडे गेलात तर बांधावरच थांबा, गडद कपडे घाला, सूर्य पाठीशी ठेवा, म्हणजे फोटोही बरे येतात. जायचं तर फेब्रुवारी-मार्च बघा. मे महिन्यातही असतात, पण उघड्या बोटीत ते ऊन झेपत नाही.