तुम्ही विचारलंत म्हणून: मालिकेतली माणसे मध्येच का बदलतात?

मी काही वर्षे दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले, हे कळले की लग्नाच्या पंगतीत काय किंवा दवाखान्यातल्या बाकावर काय, एकच प्रश्न येतो: "ती इतकी समंजस बाई एकदम अशी कशी वागायला लागली हो? लेखक बदलला की काय?" बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असेच असते, पण तेवढ्याने भागत नाही.

मालिकेचा लेखक हा एक माणूस नसतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि या तिघांच्या डोक्यावर वाहिनीची मंडळी. दर गुरुवारी टीआरपी येतो. तो घसरला असेल तर महिनाभर चालणार असलेला ट्रॅक, म्हणजे कथानकाचा एक धागा, चार दिवसांत गुंडाळावा लागतो. संवादलेखकाच्या हाती पडतात त्या दोन-तीन ओळी: ‘सासू सुनेवर संशय घेते. सून रडत आत जाते.’ संशय का घेते, हे त्यात नसते. ते प्रेक्षकाला पटवणे हे आमचे काम, आणि सकाळच्या चित्रीकरणाची पाने रात्री लिहायला बसलो की पटवणे बाजूला राहते, नुसते बोलणे उरते.

‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती आठवून पाहा. ही मालिका ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवरून २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. मूळ मालिका २०२१ मध्ये संपली, मराठी मात्र २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे अरुंधती आपल्या मूळ गोष्टीपेक्षा जास्त जगली. घटस्फोट, स्वतःच्या पायावर उभे राहणे, २०२३ मध्ये आशुतोषशी लग्न, या सगळ्याची बीजे पहिल्या वर्षीच्या त्या ओट्यापाशी राबणाऱ्या बाईत सापडतात, म्हणून तो बदल वाटत नाही, वाढ वाटते. २०२४ मध्ये कथेत आशुतोषचा मृत्यू दाखवल्यावर प्रेक्षक चिडले, ते मला रास्त वाटते, कारण तिथे अरुंधती बदलली नव्हती, तिच्याभोवतीची सोय बदलली होती. तिच्या पहिल्या नवऱ्याचे, अनिरुद्धचे, तर विचारूच नका. त्याचा पश्चात्ताप कथानकाच्या गरजेनुसार यायचा आणि जायचा.

लेखक जातात, पण नट राहतो, आणि पात्राची खरी आठवण बहुधा त्याच्याचपाशी असते. नट बदलला की ती लेखकाला सांभाळावी लागते. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहिर तीन नटांनी केला, अमर उपाध्याय यांचा हसरा मुलगा रोनित रॉय यांच्याकडे येईपर्यंत गंभीर कुटुंबप्रमुख झाला होता, आणि पानावर काहीही लिहिले असते तरी तो तसाच दिसला असता. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया रसिका सुनील यांच्याकडून ईशा केसकर यांच्याकडे गेली आणि पुन्हा परतली. नट आणि लेखक दोन्ही एकदम बदलले, तर मात्र पात्राचे नाव तेवढे उरते.

हे मी शिकलो ते एका फोनमुळे. चालू मालिकेचे संवाद माझ्याकडे आले होते आणि जुने भाग बघायला मला दोन दिवसही मिळाले नव्हते. पहिल्याच प्रवेशात मी सासूच्या तोंडी ‘मीनल, चहा ठेव’ असे वाक्य घातले. सेटवरून सासूचे काम करणाऱ्या बाईंचा फोन आला. आवाज शांत होता. "तीनशे भागांत मी हिला नावाने हाक मारलेली नाही. मी ‘अगं’ म्हणते. रागावले तरी ‘अगं’च." मी वाक्य बदलले आणि वहीत पहिल्या पानावर ‘अगं’ लिहून ठेवले.

पुढे चार-पाच महिन्यांनी वरून निरोप आला की सासूला आता खलनायिका करायचे आहे आणि तेही एका आठवड्यात. कारण अर्थातच दिलेले नव्हते. मी ते शोधण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. कट-कारस्थानाचे चार प्रवेश ठरल्याप्रमाणे लिहिले, आणि शुक्रवारच्या भागात, भरल्या घरात, सासूला पहिल्यांदा ‘मीनल’ म्हणायला लावले. त्या दिवशी बाईंचा फोन येईल म्हणून मी दुपारपर्यंत वाट पाहिली. आला नाही.