एमपीडीएचा आदेश हातात पडला, की आधी तारखा लिहून काढा

घरातला माणूस एमपीडीएखाली (धोकादायक कृत्यांना आळा घालणारा महाराष्ट्राचा कायदा) उचलला, की नातेवाईक जामिनामागे धावतात आणि पहिले चार दिवस फुकट जातात. स्थानबद्धतेत, म्हणजे पुढे काही करू नये म्हणून आधीच आत ठेवण्यात, जामीन नसतो, कारण खटलाच नसतो. 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे संरक्षण राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नेच इथे काढून घेतले आहे. (ही तडीपारीही नव्हे. तडीपाराला हद्दीबाहेर घालवतात. याला तुरुंगात टाकतात, तेही 12 महिन्यांपर्यंत.)

1981 चा हा कायदा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, 'धोकादायक व्यक्ती' यांच्यासाठी. पुढे वाळू तस्करही त्यात आले. आदेश जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त काढतात. आदेशाच्या तारखेपासून 12 दिवसांत राज्य शासनाची मंजुरी लागते. ताब्यात घेतल्यापासून मोजायचे ते वेगळे: 5 दिवसांत लेखी कारणे, 3 आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे (स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का हे तपासणारे मंडळ), 7 आठवड्यांत मंडळाचा अहवाल. दोन्ही तारखा कागदावर शेजारी शेजारी मांडा.

सगळ्यात मोलाचे ते पहिले 12 दिवस. मंजुरी मिळेपर्यंत आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेच निवेदन करता येते, आणि हा हक्क स्थानबद्धाला कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये संतोष शंकर आचार्य प्रकरणात ठरवले. ते वाक्य कागदांत नसेल तर एवढ्यावरही आदेश रद्द होतो.

मग आदेशासोबत मिळालेल्या कागदांचा गठ्ठा पान पान करून पाहा. पुसट झेरॉक्स आहे का? मराठीखेरीज काही न येणाऱ्याला इंग्रजी कागद भाषांतराविना दिलेत का? तोंडी समजावून सांगितले, हे चालत नाही. आधीच्या गुन्ह्यात जामीन मिळालेला असताना तो जामीन आदेश अधिकाऱ्यापुढे ठेवलाच नव्हता, ही चूक तर हमखास शोधावी. शेवटची घटना आणि आदेश यांत कित्येक महिने गेले असतील तर विलंबाचा खुलासा मागा. गोपनीय साक्षीदारांची नावे मिळणार नाहीत, पण जबाबांचा आशय मिळतो. ते खरे असल्याची पडताळणी वरिष्ठाने केली का आणि आदेश काढणाऱ्याने ती पाहिली का, हे तपासा.

खरा वाद मात्र वेगळाच असतो. हा कायदा लावायला सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका असावा लागतो. शेजाऱ्याला मारहाण हा नुसता कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न. सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली असे म्हणायला वस्तीचे जगणे विस्कळीत व्हावे लागते. राम मनोहर लोहिया खटल्यापासूनचा हा फरक आदेशांत सर्रास पुसला जातो. जिथे साधा खटला पुरतो तिथे तो चालवण्याचे कष्ट टाळण्यासाठी हा कायदा वापरतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सल्लागार मंडळापुढे वकिलाचा हक्क नाही, मित्राची मदत घेता येते (ए. के. रॉय, 1981). मंडळाच्या मंजुरीविना स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारी तरतूद 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीत आहे. ती कधी अमलातच आणली नाही.

अहवालाची वाट पाहत बसू नका. आई, बायको, भाऊ, कोणीही उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण (हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा डांबलेल्याला सोडवण्याची) याचिका करू शकतो. उशिरा केलेली याचिका जिंकली तरी तोवर आत काढलेले महिने परत मिळत नाहीत.