सुगीचं जेवण आणि आभार

तुळशीचं लग्न लागलं की मला बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या आमच्या गल्लीतल्या मंडळाचं सुगीचं जेवण आठवतंच. गणपतीत मिरवणूक, डेकोरेशन सगळं असायचं, पण आम्हा पोरांचा जीव ह्या जेवणात. सकाळी राजहंसगड किल्ला अर्धा धुक्यात, बांधावरच्या गवतावर दव, आणि खाली भात कापून मोकळं झालेलं काळं शिवार, त्यात कुणी लगेच मसूर पेरायला घेतलेला. मे महिन्यात पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी केलेली, तिथपासून जपलेलं भात पोत्यात भरून घरी आलं की माणसाचा चेहराच बदलतो बघा.

घराघरातनं एकेक शेर नवा तांदूळ गोळा व्हायचा, कुणाचा इंद्रायणी, कुणाचा इंटान, कुणाचा बासमती, आणि सगळा एकाच हंड्यात. त्यामुळं काही शितं मऊ व्हायची, काही जराशी कच्ची राहायची. आज्जी सारखी म्हणायची, "पाणी बेतानं घाला रे, नवा तांदूळ हाय, गिच्च गोळा होईल." पण झाकण काढलं की त्यातल्या बासमतीचा वास पार गल्लीच्या टोकापर्यंत. त्यावर मसुराची आमटी. तसा भात मी परत कुठं खाल्लेला नाही.

एरवी कुठल्याही कार्यक्रमात आभारप्रदर्शन म्हटलं की लोक चपला शोधायला लागतात. आमच्याकडं मात्र त्यालाच सगळे सरसावून बसायचे, कारण ज्याच्या शेतात पैऱ्याला, म्हणजे एकमेकांच्या कामाला आळीपाळीनं, जो आला त्याचं नाव घ्यायचंच.

मी आठवीत होतो त्या वर्षी कापणी करून भात शेतात पसरलेलं आणि रात्री पाऊस आला. भिजून कणसातच मोड आले असते. शेजारच्या शिवारातले कन्नड बोलणारे काका कुणी न बोलावता बॅटरी आणि ताडपत्री घेऊन आले, पहाटेपर्यंत आमच्यासोबत भात गोळा करून वळी घालत होते. त्या वर्षीच्या जेवणात आप्पा उठले, चार माणसांत कधी न बोलणारे, आणि हात जोडून म्हणाले, "तुमच्यामुळं ह्या वर्षी आमची सुगी घरात आली." काका म्हणाले, "इरली बिडरी, सुग्गी एल्लारदू." सुगी सगळ्यांचीच, सोडा ते. आमची सुगी आणि त्यांची सुग्गी, एकच शब्द, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

जाताना आज्जीनं त्यांच्या टॉवेलात शेरभर बासमती बांधून दिला, आणि वर आणखी एक मूठ.